हिपॅटायटिस सीच्या उपचारातला थकवा आणि चिडचिड: ही भीती आली कुठून

हिपॅटायटिस सीचा, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या व्हायरसच्या आजाराचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आजही बऱ्याच घरांत आजारापेक्षा उपचारांचीच धास्ती जास्त असते. कोणाच्या तरी काकांनी ती इंजेक्शनं घेतली होती, सहा महिने अंथरुणाला खिळले, घरातल्या प्रत्येकावर खेकसायचे, शेवटी कोर्स अर्धवटच सोडला, अशी एखादी गोष्ट कानावर असतेच. ती गोष्ट खोटी नसते, पण ज्या औषधाची आहे ते औषध आता या आजारात जवळपास वापरलंच जात नाही, आणि हे न कळल्यामुळे लोक आताच्या गोळ्याही सुरू करायला घाबरतात, म्हणून हा मागचा इतिहास नीट सांगावासा वाटतो.

ते औषध म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी ते शोधलं. आपलं शरीर व्हायरसशी लढताना हा पदार्थ स्वतःच बनवतं, फ्लूमध्ये अंग मोडून येतं, कशातच मन लागत नाही, कोणी बोललेलं नको वाटतं, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. आता तोच पदार्थ बाहेरून, भरपूर डोसमध्ये, महिनोन्‌महिने टोचायचा म्हणजे तेवढे महिने फ्लूच्या अंगाने जगायचं.

१९८६ मध्ये अमेरिकेत जे हूफनेगल यांच्या टीमने अवघ्या १० पेशंटवर हा प्रयोग केला, तेव्हा व्हायरस सापडलाही नव्हता, आजाराचं नाव नुसतं 'नॉन-ए, नॉन-बी', म्हणजे ए नाही आणि बी नाही, असं होतं. व्हायरसची ओळख पटली १९८९ मध्ये, १९९१ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला मंजुरी मिळाली. आठवड्याला तीन इंजेक्शनं, आणि एवढं सोसून पूर्ण बरे होणारे फार थोडे. १९९८ मध्ये जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या आल्या, २००१ पासून आठवड्याला एकदाच घ्यायचं पेग-इंटरफेरॉन आलं, मग बरे होणारे निम्म्याच्या थोडे वर गेले. जिनोटाइप (व्हायरसचा प्रकार) १ वाल्यांना ४८ आठवडे, २ आणि ३ वाल्यांना साधारण २४. भारतात जिनोटाइप ३ जास्त, म्हणून आपल्याकडच्या गोष्टींत बहुतेक वेळा 'सहा महिने' ऐकू येतात.

रिबाविरिनने थकव्यात वेगळीच भर टाकली. हे औषध तांबड्या पेशींमध्ये साचतं आणि त्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यामुळे पहिल्या महिन्याभरातच हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने खाली यायचं. एक जिना चढला तरी धाप लागायची आणि घरचे म्हणायचे जरा मनाचा हिय्या कर. हिय्या करून हिमोग्लोबिन वाढत नाही हो! अर्ध्याहून जास्त पेशंटना थकवा आणि साधारण एक तृतीयांश लोकांना चिडचिड, असं त्या काळातल्या मोठ्या ट्रायल्समध्येच नोंदलेलं आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटमध्ये तर या रागाला 'रिबा रेज' असं नावच पडलं होतं. तरीही कितीतरी वर्षं याकडे 'सहन करायची गोष्ट' म्हणूनच बघितलं गेलं.

चिडचिड का होते हे हळूहळू उलगडलं. इंटरफेरॉनमुळे शरीरात एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ज्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू मन ताळ्यावर ठेवणारं सेरोटोनिन बनवतो ते ट्रिप्टोफॅन दुसरीकडेच वळवतं, शिवाय झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीत अँड्र्यू मिलर, ल्युसिल कॅप्युरॉन वगैरेंनी इंटरफेरॉन घेणाऱ्या कॅन्सर पेशंटवर काम केलं, त्यात एक फार कामाची गोष्ट दिसली. थकवा आणि भूक मरणं पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं, उदासी आणि चिडचिड मात्र नंतर काही आठवड्यांनी वर येते, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनी मनाचा त्रास बराच आटोक्यात येतो पण थकवा तितकासा हटत नाही. म्हणजे ज्याला आपण माणसाचा स्वभाव बिघडला म्हणत होतो ते बरंचसं रसायन होतं. मला वाटतं हे जर तेव्हा प्रत्येक पेशंटच्या बायकोला, नवऱ्याला, मुलांना कोणी दहा मिनिटं बसून समजावलं असतं तर कितीतरी घरांतली भांडणं टळली असती. आपल्याकडे तर ऑफिसात, कधीकधी सख्ख्या भावंडांनाही आजार सांगितलेला नसायचा, त्यामुळे समोरच्याला फक्त राग दिसायचा, त्यामागचं इंजेक्शन दिसायचं नाही.

पेशंटनी आपापले उपाय शोधले होते. इंजेक्शन शुक्रवारी संध्याकाळी घ्यायचं म्हणजे ताप, अंगदुखी सुट्टीत निघून जाते, डॉक्टरांना विचारून आधी पॅरासिटामॉल, दिवसभर भरपूर पाणी, रिबाविरिनचा दुसरा डोस झोपताना न घेता संध्याकाळच्या जेवणासोबत, दुपारी थोडी झोप, जमेल तेवढं चालणं, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की हे दोन दिवस पैशाचे, लग्नाचे विषय काढू नका. २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका ट्रायलमध्ये दिसलं की डिप्रेशनची गोळी उपचारांच्या आधीपासूनच सुरू केली तर डिप्रेशन येणाऱ्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर येतं. वाईट याचं वाटतं की हे ठोस कळेपर्यंत इंटरफेरॉनची सद्दी संपत आली होती, पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत थेट व्हायरसवर काम करणाऱ्या सोफोसबुविर या गोळीला मंजुरी मिळाली.

त्या गोळीची तिथली किंमत होती एका गोळीला १००० डॉलर. २०१५ मध्ये भारतात तिची जेनेरिक्स (इतर कंपन्यांनी बनवलेली तीच, पण स्वस्त औषधं) आली, आणि २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सोफोसबुविर-वेलपाटासविर, १२ आठवडे, रोज एक गोळी, ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे. यातही थकवा आणि डोकेदुखीची तक्रार होते, पण मोठ्या ट्रायलमध्ये खरी गोळी घेणारे आणि नुसती औषध नसलेली गोळी घेणारे, दोघांत थकव्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

मग आजही गोळ्या चालू असताना गळून गेल्यासारखं वाटतं ते का? एक तर हा व्हायरस स्वतःच थकवतो, डोकं जड ठेवतो, २००१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी लिव्हर फारसं खराब नसलेल्या पेशंटच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दाखवला होता. दुसरं म्हणजे रिपोर्टचा ताण. त्याआधी ऑस्ट्रेलियात असं दिसलं होतं की आपल्याला हा आजार आहे हे माहीत असलेल्यांची तब्येत, न माहीत असलेल्यांपेक्षा त्यांना स्वतःला जास्त खालावलेली वाटते. त्यामुळे 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणून झटकून टाकू नका, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर तपासून घ्या, डायलिसिस किंवा थॅलेसेमियावाल्यांना तर थकव्याची आणखी कारणं असतात. रिबाविरिन अजून पूर्ण गेलेलं नाही, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) वाढून पोटात पाणी वगैरे झालं असेल तर ते आजही जोडीला देतात, आणि तिथे वरचे जुने उपाय आणि रक्ताच्या तपासण्या तितक्याच लागू आहेत. राग अनावर होत असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.