न चावलेलं नस्टर्शियम तिखट नसतं

हिवाळा आला की गच्चीवरच्या बागांचे व्हिडिओ सुरू होतात आणि त्यांत नस्टर्शियमची नारिंगी फुलं हमखास दिसतात. ‘हे फूल खाता येतं, मिरचीसारखं तिखट लागतं’ हे वाक्यही ठरलेलं. खाता येतं, हे खरं. मिरचीशी मात्र त्याचं काही नातं नाही. हा तिखटपणा मोहरीच्या जातीचा आहे, आणि न दुखावलेल्या पानात तो जवळजवळ नसतोच. आपण चावतो तेव्हा तो तयार होतो.

नस्टर्शियम मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतलं. मोहरी, कोबी, मुळा ज्या गणात येतात त्याच गणात तेही येतं, आणि पपई व शेवगाही. दिसायला यांचं एकमेकांशी काडीचंही साम्य नाही. पण ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं या सगळ्यांकडे आहेत. नस्टर्शियममधल्या मुख्य संयुगाचं नाव ग्लुकोट्रोपिओलिन. तेच आपल्या अळिवात आहे आणि पपईच्या बियांतही. पपईची बी चावून पाहिली असेल तर नस्टर्शियमच्या पानाची चव तुम्हाला अर्धी कळलेलीच आहे.

मोहरी फेसताना काय होतं ते आठवा. कोरडी मोहरी हुंगली तर फारसा वास नाही. वाटून पाण्यात फेसली की झणका थेट नाकात जातो. तीच मोहरी फोडणीत तडतडली तर झणका गायब, उरतो तो खमंगपणा. १८४० मध्ये ब्युसी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की झणक्यासाठी बियांतलं एक प्रथिनही लागतं. हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, एन्झाइम) म्हणजे मायरोसिनेज. वनस्पतीत ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज वेगवेगळ्या जागी साठवलेले असतात. पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते. तापलेल्या तेलात विकर नष्ट होतं, म्हणून फोडणीची मोहरी झोंबत नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो. ग्लुकोसिनोलेटच्या मध्यभागी एक कार्बन अणू असतो. त्याच्या एका हाताला गंधक आणि त्यावर ग्लुकोज, दुसऱ्या हाताला नायट्रोजन आणि त्यावर ऑक्सिजनमार्फत सल्फेट, तिसऱ्या हाताला एक शेपूट. नस्टर्शियममध्ये ते बेंझिल नावाच्या अणुगटाचं. मायरोसिनेज पाण्याच्या मदतीने ग्लुकोज तोडतं. उरलेला रेणू अस्थिर होतो, सल्फेट निसटतं आणि त्याच वेळी शेपूट कार्बनवरून उडी मारून नायट्रोजनवर जाऊन बसतं. तयार होतं बेंझिल आयसोथायोसायनेट, म्हणजे आपल्याला जाणवतो तो तिखटपणा. १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गाडामर यांनी मांडलेल्या ग्लुकोसिनोलेटच्या रचनेत हे शेपूट आधीपासूनच नायट्रोजनवर होतं. ते कार्बनवर असतं आणि नंतर जागा बदलतं, हे एटलिंगर आणि लुंडीन यांनी १९५६ मध्ये दाखवलं.

हा रेणू सहज हवेत उडतो, म्हणून नाकात जातो. मज्जातंतूंवरच्या टीआरपीए१ या ग्राहीला, म्हणजे झोंबणं टिपणाऱ्या प्रथिनाला, तो चिकटतो. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ या वेगळ्या ग्राहीवर काम करतं, तेही मुख्यतः जिभेवर.

बागेत कीड येऊ नये म्हणून नस्टर्शियम लावा, असाही सल्ला फिरतो. हा रासायनिक मारा कित्येक कीटकांना दूर ठेवतो खरा, पण कोबीवरची पांढरी फुलपाखरं ग्लुकोसिनोलेट ओळखूनच अंडी घालतात. त्यांच्या अळ्यांच्या आतड्यातलं एक प्रथिन ही अभिक्रिया वेगळ्या वाटेने वळवतं आणि आयसोथायोसायनेट फारसं बनूच देत नाही. मावा तर या झाडावर आनंदाने बसतो. फार तर सापळा पीक म्हणून, म्हणजे कीड मुख्य पिकावरून स्वतःकडे ओढून घ्यायला, त्याचा उपयोग.

‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ हे बिरूदही असंच सैल. बेंझिल आयसोथायोसायनेट प्रयोगशाळेत जिवाणू मारतं. जर्मनीत नस्टर्शियमचा पाला आणि हॉर्सरॅडिश या मोहरीच्या कुळातल्या झाडाचं झणझणीत मूळ यांच्या गोळ्या मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मिळतात. त्यांत मात्रा मोजलेली असते. कोशिंबिरीतल्या दोन फुलांत नसते. लघवीला जळजळ आणि ताप असेल तर डॉक्टरकडेच जायला हवं.

लावायचं असेल तर पुणे-नाशिककडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत बी पेरावं. वाटाण्याएवढं सुरकुतलेलं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच, एक-दोन सेंटिमीटर खोल लावावं. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. खत बेताचं, कारण नायट्रोजन जास्त झाला की नुसती पानं माजतात. उन्हाळ्याच्या झळा लागल्या की वेल वाळतो.

पानं ताटात वाढायच्या वेळीच चिरा, आधी चिरून ठेवली तर झणका उडून जातो. शिजवली तर साधी पालेभाजी उरते. कोवळ्या हिरव्या बिया पानांहून तिखट असतात. युरोपात त्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. त्यासाठी आपल्याच वेलावरच्या बिया घ्या. पाकिटातल्या बियांना अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्या फक्त पेरायच्या.