जर्मनीत नोकरीला येताय? पत्ता नोंदणीत माणसं कुठे अडकतात

जर्मनीत नव्याने आलेला माणूस ज्या एका कागदापायी पत्ता नोंदणीच्या काउंटरवरून परत फिरतो, तो म्हणजे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव भलंमोठं, कागद एकाच पानाचा. ‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आली आहे’ असं घरमालकाने सहीनिशी लिहून दिलेलं पत्र. भाडेकरार दाखवून भागत नाही. आपल्याकडे नोंदवलेला भाडेकरार दाखवला की पत्त्याचा प्रश्न मिटतो, म्हणून लोक इथेही अख्खा करार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून हे पत्र कायद्याने सक्तीचं आहे.

ते देणं घरमालकावरही बंधनकारक आहे, हे त्याला न घाबरता सांगा. पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरूची सही चालते. म्हणून घर बघतानाच, आगाऊ रक्कम देण्याआधी, विचारा: इथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करता येईल ना? थोड्या दिवसांसाठी खोली देणारे बरेच जण नाही म्हणतात. पैसे घेऊन नुसता पत्ता देऊ करणारेही भेटतील. हात जोडून सांगते, त्यांच्या नादी लागू नका. राहायला येणार नसलेल्या माणसाला असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंद केल्याचं झेंगट तुमच्याही गळ्यात पडतं.

मुदतीबद्दलचा गोंधळ तर कायमचाच. कायदा दोन आठवडे म्हणतो, ते घरात राहायला गेल्या दिवसापासून. विमानतळावर उतरल्यापासून नाही आणि करारावर सही केल्यापासूनही नाही. राहायला जाण्याआधी नोंद करता येत नाही. आता मोठ्या शहरांत ब्युर्गरआम्टचा (पत्ता नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीचा) टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दोन आठवड्यांत मिळणंच मुश्किल. मुदत सरकारनेच घालायची आणि वेळही त्यानेच द्यायची नाही, याचा मला दरवेळी संताप येतो. उशिराबद्दल १,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी, पण पहिल्याच दिवशी टर्मिन घेऊन ठेवा आणि त्याची पोच जपून ठेवा, म्हणजे तुम्ही टाळाटाळ केली नाही हे दाखवता येतं. बर्लिनमध्ये शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं. घराजवळच्याच ऑफिसची वाट बघत बसू नका.

सोबत पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि ते पत्र न्या. कुटुंब आलं असेल तर विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा मूळ दाखला, शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेल्या जर्मन भाषांतरासह.

नावाकडे जरा जास्त लक्ष द्या. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर पुष्कळदा आडनाव आधी छापलेलं असतं, मधलं नाव वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर दुसरंच आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, समोरच्या माणसाला मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. फॉर्मवर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर लिहा आणि पदवी माहेरच्या नावाची असेल तर विवाहाचा दाखला कायम फाइलीत ठेवा.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी तो भरण्याआधी हे माहीत करून घ्यावं की त्या नोंदीवरून चर्चचा कर लागतो: आयकराच्या रकमेवर बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. भरायचा की नाही ही ज्याची त्याची श्रद्धा. पण पगारातून तो कापला जातो हे पहिल्या पगारपत्रकावर बघून धक्का बसू नये.

नोंद झाली की अकरा आकड्यांचा करक्रमांक टपालाने येतो, बहुधा दोन-तीन आठवड्यांत. फोनवर किंवा ई-मेलने तो सांगत नाहीत. इथे जो घोळ होतो तो अगदी साधा आहे: लेटरबॉक्सवर तुमचं नाव नसतं. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर बघून नाही. नाव नसलं की पत्र परत. घराची किल्ली हातात आली त्याच दिवशी, कागदावर लिहून चिकटपट्टीने का होईना, आडनाव लावा. क्रमांक कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पगारावर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जड कपात होऊ शकते. ते पैसे नंतर परत मिळतात, पण पहिला महिना काढणं अवघड जातं.

आरोग्यविमा निवडा, सामाजिक विम्याचा क्रमांक त्या ओघात मिळतो.

आता निवास परवाना. व्हिसावरची शेवटची तारीख ही अर्जाची मुदत समजा. त्या तारखेच्या आत आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीकडे, अर्ज पोचलाच पाहिजे. टर्मिन नंतरचा मिळाला तरी चालेल. अर्ज ऑनलाइन केला असेल तर त्याची पोच छापून ठेवा. उत्तराला महिने लागतात, तोवर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मागून घ्या. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या निवास परवान्यावर, असाल तर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलताना या कचेरीला कळवावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

तो तात्पुरता कागद हातात पडला की गणपतीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी आतल्या पानावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या पोटकलम ४ समोर असेल तर जुना परवाना चालू धरला जातो. काम करता येतं आणि भारतात जाऊन परतही येता येतं. पोटकलम ३ समोर असेल तर तेवढ्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. काउंटरवरून उठण्याआधीच बोट ठेवून विचारा.