बंदी प्रत्यक्षीकरण खटला (१९७६)

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिलेला निकाल. ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ (हेबियस कॉर्पस) म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून कोठडीचा कायदेशीर आधार दाखवा, असा न्यायालयाचा आदेश. न्यायालयीन दप्तरात तो ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने आहे. आणीबाणी चालू असताना सरकारने कोणाला बेकायदा डांबून ठेवले, तर त्याला न्यायालयात दाद मागता येते का, एवढाच प्रश्न होता. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ असे उत्तर दिले. एकट्या हंसराज खन्नांनी ‘होय’ म्हटले.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. दोनच दिवसांनी, २७ जूनला, राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटक व स्थानबद्धतेतले संरक्षण) यांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. सोबतीला खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा १९७१ चा ‘मिसा’ (अंतर्गत सुरक्षा) कायदा होताच. दुरुस्त्या करून तो असा आवळला की अटकेची कारणे कैद्यालाच काय, न्यायालयालाही दाखवण्याचे बंधन सरकारवर उरले नाही. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली. येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंगही मिसाबंदींनी भरले होते.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांचे अर्ज ऐकून घ्यायचे ठरवले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. त्याविरुद्ध सरकार दिल्लीला अपिलात गेले. कैद्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये शांतिभूषण आणि सोली सोराबजी यांच्याबरोबर सासवडचे वि. म. तारकुंडे होते. सुनावणीत खन्नांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर काय उपाय? आणीबाणी आहे तोवर कोणताही नाही, असे डे यांचे उत्तर होते. सरकारी बाजूचा अर्थ याहून उघड कधीच मांडला गेला नाही. तो ऐकल्यावरही चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला, हे या खटल्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

ते चौघे होते सरन्यायाधीश अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. कैद्यांची सरकार जवळपास आईच्या मायेने काळजी घेते, असेही बेग यांनी निकालपत्रात लिहिले. हे लोक ना अडाणी होते ना दुष्ट. याच भगवतींनी आणीबाणी उठल्यावर, १९७८ मध्ये, पासपोर्ट जप्तीवरच्या मेनका गांधी खटल्यात अनुच्छेद २१ चा अर्थ कितीतरी व्यापक केला. विद्वत्ता तीच होती, घटनाही तीच. फक्त भीती सरली होती. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून रे सरन्यायाधीश झाले होते आणि पाळी आपल्यावर आली तर काय होईल, हे खंडपीठावरचा प्रत्येक जण जाणून होता. स्वातंत्र्याची राखण अखेर अशाच, बढतीची आशा आणि नाराजीची धास्ती असलेल्या माणसांच्या हाती असते. म्हणून प्रत्येकाने त्या दिवशी कशावर सही केली, याची जबाबदारी काळावर ढकलता येत नाही.

खन्नांची मांडणी साधी होती. जगण्याचा आणि मोकळे राहण्याचा हक्क घटनेने बहाल केलेला नाही, तो तिच्या आधीपासूनचा आहे. अनुच्छेद २१ स्थगित केले तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाला कोंडण्याचा अधिकार सरकारला मिळत नाही. निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी बहिणीला सांगितले होते की, या निकालापायी माझे सरन्यायाधीशपद जाणार. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना मागे सारून बेग यांना नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढे चंद्रचूड आणि भगवती हेही यथाक्रम सरन्यायाधीश झाले.

न्यायालयाबाहेरही अशी माणसे होती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीत अटक झालेले नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढल्या वर्षी त्यांना अटक झाली. माजी खासदार मिनू मसानी यांनी आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकावरील सेन्सॉरशिपला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि जिंकले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरले. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. २०११ मध्ये भगवतींनी आपले चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला. त्यातले एक निकालपत्र १९७६ च्या खंडपीठावरील यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूद मात्र अनुच्छेद २२ मध्ये आजही आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या ‘एमपीडीए’ (धोकादायक कृत्ये प्रतिबंधक) कायद्याखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते आणि अशा आदेशांना आव्हान देणारे अर्ज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे उच्च न्यायालयासमोर येत असतात.