किल्ल्यांच्या जुडग्यातली टॉर्च: सेलची घ्यावी की चार्जिंगची?

आमच्या दाराशेजारी खिळ्यांवर दोन जुडगे टांगलेले असतात. एक बाबांचा, एक माझा. दोन्हींच्या कडीला बोटाच्या पेराएवढी एकेक टॉर्च आहे. दोन्ही काळ्या, दोन्हींना पुढे एकच एलईडी, दोन्हींना अंगठ्याने दाबायचं बटण. लांबून बघणाऱ्याला कुठली कुणाची ते सांगता येणार नाही. दुकानातही त्या अशाच शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाईक एकच विचारतं, "उजेड जास्त कुठलीचा?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पोटात काय आहे हा. बाबांची चपट्या सेलवर चालते, माझी मोबाइलसारखी चार्ज करावी लागते.

आपल्याकडे गोंधळात भाषाही थोडी भर घालते. बाबा टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. मी बाहेर पडताना त्यांचा आवाज येतो, "बॅटरी घेतलीस का गं?" मला वाटतं ते मोबाइलबद्दल बोलतायत. म्हणून इथे टॉर्च म्हणजे टॉर्च आणि आत बसतो तो सेल, एवढं ठरवून घेऊ.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमची बिल्डिंग ठाण्याच्या नौपाड्यातली, चार मजली, लिफ्ट नाही, आणि जिना असा आतल्या अंगाला की त्याला एकही खिडकी नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, तरी आमच्या जिन्यात हात पुढे करून चालावं लागलं होतं. तर त्या जुलैत मी रात्री उशिरा परतले, वीज गेलेली, मोबाइल लोकलमध्येच बंद पडलेला. जुडगा काढला, टॉर्च दाबली. तीनदा लाल लुकलुकली आणि विझली. दिवाळीनंतर मी ती चार्जच केली नव्हती. वरून बाबांचा आवाज आला, "जागची हलू नकोस, मी येतो." ते खाली आले ते त्यांच्या जुडग्यातल्या टॉर्चच्या उजेडात. तो उजेड निळसर, मंद, पण प्रत्येक पायरीची कड दिसत होती. ती टॉर्च मी त्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेशन रोडवरून आणून दिली होती आणि त्यांनी ती मोजून दहा वेळाही वापरली नसेल. माझ्या टॉर्चच्या खोक्यावर उजेडाचा आकडा तिच्या दहा-पंधरा पट होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांची टॉर्च टेबलावर घेऊन उघडली. चार अगदी बारीक स्क्रू, चष्म्याच्या काडीला असतात तेवढे. झाकण निघालं आणि आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल दिसला. नखाने उचलायला गेले तर त्याचे दोन झाले. एकावर एक ठेवलेल्या दोन पातळ चकत्या होत्या, दोन्हींवर कोरलेलं: सीआर २०१६.

हे अक्षर-आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. ‘सी’ म्हणजे आतलं रसायन लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचं, ‘आर’ म्हणजे गोल. पहिले दोन आकडे व्यासाचे, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडीचे: १६ म्हणजे १.६ मिलिमीटर, ३२ म्हणजे ३.२. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये सर्रास असतो तो सीआर २०३२. दोन २०१६ एकावर एक ठेवले की जाडी बरोब्बर एका २०३२ एवढी होते, पण दाब दुप्पट, ३ व्होल्टऐवजी ६. हे मुद्दाम केलेलं असतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. (ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तोच हा.) त्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. एकट्या सेलचा दाब जरा उतरला की एलईडी मलूल होतो, दोन असले की बराच काळ तग धरतो. म्हणून सेल बदलताना आत जे निघेल तेच घाला. दोनच्या जागी एक जाड सेल बसतो खरा, पण उजेड पडतो मरगळलेला, आणि एकाच्या जागी दोन पातळ घातले तर टॉर्च बिघडू शकते.

फुटपाथवरच्या अगदी स्वस्त टॉर्चमध्ये मात्र हे नसतात. त्यात शर्टाच्या बटणाएवढे तीन-चार सेल असतात, एलआर ४४ किंवा एलआर ४१. ‘एल’ म्हणजे अल्कलाइन, दीड व्होल्टचे. त्यांना बराच काळ विसरलात तर ते पाझरतात आणि आतली पत्री हिरवी-पांढरी होते. लिथियमचा चपटा सेल सहसा पाझरत नाही आणि न वापरता ठेवला तर वर्षाला जेमतेम एक टक्का उतरतो. दोन्हींना लोक बटण सेलच म्हणतात, पण घेताना मी एलआरची टॉर्च हातात धरत नाही.

आता माझी. तिच्यात करंगळीच्या टोकाएवढा लिथियम-आयन सेल आहे, साधारण ३.७ व्होल्टचा. मला आश्चर्य वाटलं ते हिशोब मांडल्यावर. इतक्या छोट्या चार्जिंगच्या सेलमध्ये साठा ७० ते ९० मिलिअँपिअर-तासांचा. बाबांच्या दोन सीआर २०१६ मध्ये तो प्रत्येकी साधारण ९० चा. पण व्होल्ट धरून, म्हणजे ३.७ विरुद्ध ६, हिशोब केला तर बाबांच्या टॉर्चमध्ये माझ्यापेक्षा जास्त ऊर्जा भरलेली आहे. मग उजेड माझ्या टॉर्चचा जास्त का? सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी मोठी, पण तोटी बारीक, तो चपटा सेल. लहान बादली, पण एकदम उपडी करता येते, तो चार्जिंगचा. चपट्या सेलचा अंतर्गत रोध इतका असतो की तो एका वेळी थोडाच प्रवाह सोडू शकतो. घाई करून त्याच्याकडून जास्त मागितलं तर दाब कोसळतो.

संपण्याची रीतही म्हणूनच वेगळी. सेलवरची टॉर्च समईसारखी विझते: तेल उतरत जातं, ज्योत लहान होते, पण दोन-चार आठवडे आधी आपल्याला कळतं. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये सर्किट असतं. चांगल्या टॉर्चमध्ये ते बराच वेळ उजेड एका पातळीवर धरून ठेवतं आणि सेल फार उतरून खराब होऊ नये म्हणून ठरावीक व्होल्टला प्रवाह तोडतं. वापरताना ते सुखाचं वाटतं, पण अंधारात तोडलं तर आपण तिथेच उभे. शिवाय नुसती टांगून ठेवली तरी ती थोडी थोडी उतरत असते, काही सेलमुळे आणि काही त्या सर्किटमुळे.

आता उजेडाचं. खोक्यावर ल्युमेन मोठ्या अक्षरात छापतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब ८००-९०० ल्युमेन देतो. पायऱ्या उतरायला ५ ते १० पुरतात, कुलपाचं भोक शोधायला एक. रात्री दोन वाजता मीटरच्या खोलीत १५० ल्युमेन पांढऱ्या भिंतीवर आपटले की पुढचा काही वेळ काहीच दिसत नाही, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात आणि तो सराव एका झटक्यात जातो. त्यामुळे चार्जिंगची घ्यायची असेल तर सर्वांत कमी उजेडाची पायरी किती ल्युमेनची आहे ते आधी विचारा, आणि टॉर्च त्याच पायरीवर सुरू होते का तेही.

खोक्यावर अंतरही असतं, ‘४० मीटर’ वगैरे. हे अंतर एका ठरलेल्या मापाने काढतात: जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथवरचं. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात माणूस उभा आहे हे कळतं, रस्त्यातला खड्डा कळत नाही. मी त्या आकड्याचा तिसरा हिस्सा कामाचा धरते. किती तास चालते तो आकडाही असाच सावधपणे वाचावा, कारण उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे सगळे तास त्यात मोजलेले असतात. आणि इतक्या लहान धातूच्या अंगाला उष्णता झेपत नाही, म्हणून जास्तीत जास्त उजेड लावला की काही मिनिटांतच टॉर्च आपोआप मंदावते. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

(पहाटे अंधारात येऊरला फिरायला जाणाऱ्यांनी या दोन्हींवर विसंबू नये. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. तिथे हातात धरायची मोठी टॉर्चच हवी.)

पावसाचं सांगायलाच हवं. ठाण्यात चार महिने जुडगा ओलाच असतो. चार्जिंगच्या टॉर्चची नाजूक जागा म्हणजे टाइप-सीच्या भोकावरचं रबरी झाकण. ते उचकटलं की पाणी आत. खोक्यावर पाण्यापासून बचाव किती ते सांगणारी आयपीएक्स ही खूण असते; तिच्यानंतरचा आकडा ४ असेल तर फक्त शिंतोड्यांपुरतं, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण झाकण घट्ट बसलेलं असेल तरच. ओली असताना चार्जिंगला कधीही लावू नका. सेलच्या टॉर्चला भोक नाही, पण दमट हवेने आतल्या पत्र्यांवर थर चढतो आणि सेल नवा असूनही ती पेटत नाही. पत्रीवर आणि सेलच्या पाठीवर खोडरबर घासला की बहुतेक वेळा काम होतं. बाबांची टॉर्च गेल्या सप्टेंबरात अशीच जागी झाली.

चार्जिंगबद्दल आणखी एक, कारण यात लोक चांगली टॉर्च खराब समजून परत करतात. मोबाइलच्या नव्या चार्जरची केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असते. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये त्या चार्जरला ओळख देणारे छोटे रोधक बसवलेलेच नसतात, मग चार्जर वीजच सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरला लावून बघा, लगेच दिवा लागतो.

आणि हे मनापासून सांगते: घरात लहान मूल असेल तर सेलची टॉर्च स्क्रूने बंद होणारीच घ्या, नुसत्या खटक्याची नको. २० मिलिमीटरचा चपटा सेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो, ओल्या अस्तराला लागून प्रवाह सुरू होतो आणि तिथे तयार होणाऱ्या अल्कलीने दोन तासांत खोल जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायची नाही, सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. संपलेल्या सेलमध्येही एवढी धग असते. बदलल्यावर जुने सेल टेबलावर ठेवू नका, चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.

टीव्हीच्या रिमोटमधल्या लांबट सेलवर चालणारी टॉर्चही मिळते. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो हा तिचा मोठा गुण, पण तो साडेचार सेंटिमीटर लांब, जुडग्याला लोंबकळतो. पर्समध्ये ठेवणाऱ्यांना चालेल.

तर निवड कशी करायची? मी उजेड बाजूला ठेवून आठवड्यातून किती वेळा दाबणार ते विचारते. लोक उलटं करतात: अडीअडचणीसाठी म्हणून महागातली चार्जिंगची घेतात आणि ड्रॉवरमध्ये ठेवून देतात, जिथे ती गुपचूप उतरत राहते. जी टॉर्च वर्षातून चारदाच लागणार, म्हणजे गावाला जाताना शेजारी ठेवायच्या किल्ल्यांची, पंपाच्या खोलीच्या किल्लीची, आईवडिलांच्या जुडग्यातली, ती सेलची असावी, सीआरच्या सेलची. रोज रात्री कळव्याच्या किंवा कोपरीच्या अंधाऱ्या गल्लीतून घरी जाणारा माणूस मात्र सेलवर महिन्याला पैसे घालवत बसेल, त्याने चार्जिंगचीच घ्यावी. रोज वापरली की ती उतरल्याचं कळतं आणि चार्जिंगची सवय लागते. घोडबंदर रोडच्या जनरेटरवाल्या टॉवरमध्ये राहत असाल तर गाडी लावायच्या तळघरापुरती कुठलीही चालेल.

दुकानात घेताना बटण दोन-तीनदा दाबून बघा. अलगद स्पर्शाने लागत असेल तर ती पर्समध्ये किल्ल्यांच्या दाबानेच लागून राहील. माझी त्या रात्री विझली त्याला हेही कारण असणार, म्हणून आताची मी बटण कुलूपबंद होणारी घेतली आणि ती दर रविवारी मोबाइलनंतर चार्जरला लागते. बाबांच्या टॉर्चच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर सेल बदलल्याचा महिना लिहिला आहे. चिकटपट्टीवरचं अक्षर त्यांचं आहे, कारण माझं फार मोठं आलं आणि त्यात वर्ष मावेना.