समोरचा कमांडर, कडेचा उस्ताद

१५ ऑगस्टला तालुक्याच्या मैदानावरचं संचलन आटोपलं की लोक जिचं कौतुक करायला धावतात, ती मुलगी पुढे एकटी उभी असते. तिचा आवाज कडेच्या माडांपर्यंत गेलेला असतो, पाहुण्यांना परेडचा रिपोर्ट तिनेच दिलेला असतो, फोटोही तिचाच छापून येतो. "हिनंच शिकवलं वाटतं सगळ्यांना," असं कुणीतरी काका म्हणतात. ती लाजते आणि खरं काय ते सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. आम्हाला शिकवणारे हवालदार त्या वेळी शामियान्यामागे पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहून आमच्या टाचा बघत होते.

आता मीच शाळेत एनसीसी सांभाळते. दहावी-बारावीची मुलं येऊन विचारतात, "टीचर, ड्रिल इन्स्ट्रक्टर व्हायचंय, तयारी काय करू?" तयारी कुठवर आलीय विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर सारखंच: रोज मैदानावर ओरडतो, बूट चमकवतो, तेज चल, म्हणजे परेडची भरभर चाल, पक्की केलीय. म्हणजे व्हायचंय उस्ताद, ड्रिल शिकवणारा, आणि तयारी चाललीय परेड कमांडरची, समारंभात हुकूम देणाऱ्याची. दोघंही तेच शब्द उच्चारतात, तेही ओरडूनच, त्यामुळे लांबून एकसारखेच दिसतात. गफलत तिथूनच होते.

कमांडरच्या समोर जी माणसं असतात त्यांना ड्रिल आधीच येतं. त्याने फक्त नेमक्या क्षणी खूण द्यायची. 'सावधान' म्हटलं की शंभर टाचा एकदम जुळायला हव्यात, बस. टाचा कशा जुळवायच्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन का ठेवायचा, हे त्या वेळी कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. उस्तादासमोरच्या दहा जणांना यातलं काहीच येत नसतं. त्याने 'सावधान' म्हटलं की दहा तऱ्हा होतात. त्या दहाही त्याला एका नजरेत दिसल्या पाहिजेत.

हुकूमच घ्या. परेडच्या हुकमाचे दोन तुकडे असतात. पहिला सावध करणारा, दुसरा कृतीचा, आणि मध्ये थोडा थांबा. 'दाहिने' लांबवायचं, थांबायचं, मग 'मुड' तोडून टाकायचं. मोठ्या मैदानावर कमांडरला हा थांबा मोजून घ्यावा लागतो, कारण आवाजालाही पोचायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर हा आवाजाचा वेग. ७० मीटरवरच्या शेवटच्या फळीला हुकूम पाचवा हिस्सा सेकंद उशिरा ऐकू जातो. तेज चलमध्ये मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. तेवढ्यात पुढचा जवळजवळ अर्धं पाऊल पुढे गेलेला असतो. लांबून संचलन बघताना शेवटच्या रांगा लाटेसारख्या मागे पडलेल्या दिसतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, मुलींचा आळस नव्हे. (मुलींसाठी एनसीसीत मिनिटाला ११० पावलं सांगितली आहेत. फरक छोटा, पण बँडवाल्याला आधी सांगितला नाही तर बघायलाच नको.)

उस्तादालाही तोच थांबा घ्यावा लागतो, पण त्याची गरज निराळी. 'दाहिने' म्हटल्याबरोबर कोण आधीच खांदा फिरवू लागलंय, कोण शेजारणीकडे बघतंय, हे त्याला त्या अर्ध्या क्षणात टिपायचं असतं. 'मुड' होऊन गेलं की पुरावा पुसला जातो. सगळ्या उजवीकडे तोंड करून उभ्या, दिसायला सगळं ठीक.

कॅडेट असताना मी चांगली कमांडर होते, हे संकोच न करता सांगते. शिक्षिका झाले तेव्हा वाटलं, ड्रिल शिकवायला असं काय लागतं? पहिल्याच शनिवारी बारा मुलींची स्क्वाड घेऊन तांबड्या मातीच्या मैदानावर उभी राहिले. तोंड त्यांच्याकडे. 'दाहिने मुड' करून दाखवलं, अगदी नियमाप्रमाणे: उजव्या पायाची टाच, डाव्या पायाचा पंजा, नव्वद अंश, मग डावा पाय उचलून उजव्याशेजारी. मग हुकूम दिला. सात मुली डावीकडे वळल्या.

झालं काय होतं, तर समोर तोंड करून वळल्यावर माझी उजवी बाजू त्यांना डावीकडे दिसली. त्यांनी आरशात बघावं तसं माझं अनुकरण केलं. पाठ त्यांच्याकडे करून, नाहीतर निदान बाजूने, नमुना दाखवायचा असतो ही साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, कारण कमांडरला नमुना दाखवायची वेळच येत नाही.

दुसरं कारण आणखी मजेदार होतं, आणि ते आमच्या गोव्याचंच आहे. हुकूम हिंदीत असतात. घरी कोंकणी-मराठी बोलणाऱ्या मुलीच्या कानावर 'दा' पडला की तिच्या डोक्यात 'दावें', म्हणजे डावं. 'दाहिने'चा पहिला 'दा' ऐकताच तिचं डावं अंग हललेलं असतं, उरलेला शब्द कानात शिरेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हापासून मी नव्या स्क्वाडला आधी उभ्या उभ्या नुसते शब्दच ऐकवते. 'दाहिने' म्हटलं की उजवा हात वर, 'बाएँ' म्हटलं की डावा. पाय हलवायचे नाहीत. पंधरा मिनिटं हात वर-खाली चाललेले बघून पालकांना वाटतं मॅडम पीटी घेतायत.

त्या दिवशी युनिटकडून आलेले हवालदार कडेला उभे होते. कोल्हापूरकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. सगळं बघून जवळ आले. "मॅडम, तुमचं ड्रिल झकास हाय. पण तुमचं तुम्हाला येतंय. पोरींना न्हाई येत. आता तुमचं बघू नका, त्यांचं बघा."

'त्यांचं बघा' म्हणजे काय, ते मला ग्वाल्हेरच्या प्रशिक्षणात कळलं. एनसीसीचे पुरुष अधिकारी नागपूरजवळच्या कामठीला शिकतात, आम्ही बायका ग्वाल्हेरला. जाण्यापूर्वी मी दोन महिने पहाटे पळाले, बूट पायात रुळवले, आवाज तापवला. सगळं उपयोगी पडलं, नाही असं नाही. पण जिथे मी अडले तिथे यातलं काहीच कामाला आलं नाही. आमच्यातल्याच आठजणींची स्क्वाड करून धडा घ्यायला लावलं. विषय 'पीछे मुड'. मी पूर्ण करून दाखवलं, समजावलं, हुकूम दिला, आणि उस्तादांनी विचारलं, "किसने क्या गलती की?" मला एकच चूक दिसली होती. त्यांनी चार सांगितल्या, कुणाच्या ते बोट दाखवून.

शिकवायची रीत तशी सोपी आहे आणि वर्षानुवर्षं तीच आहे. आधी न बोलता पूर्ण नमुना. मग तीच हालचाल तुकड्यांत, 'गिनती से'. 'गिनती से, पीछे मुड' म्हटलं की नुसतं वळायचं आणि तिथेच गोठायचं, मागचा पाय मागेच. 'स्क्वाड, दो' म्हटलं की पाय जवळ. या गोठलेल्या अवस्थेतच उस्तादाचं खरं काम असतं. तो रांगेतून फिरतो, एकीचा गुडघा वाकलाय, दुसरीचे हात मांडीपासून सुटलेत, तिसरीने डाव्या टाचेवर वजन टाकलंय, हे बघतो. चुकलं तर 'जैसे थे'. समारंभात कमांडरच्या तोंडून 'जैसे थे' निघालं तर त्याची नाचक्की. उस्तादाच्या तोंडून सकाळभरात शंभरदा निघतं, आणि निघायलाच हवं.

चालताना डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे नेणारं एक पोर प्रत्येक तुकडीत असतंच. चांगलं चालणारं पोर कुणीतरी दाखवा, मी अशी दोन दाखवीन. कमांडरकडे यावर एकच इलाज, त्याला वगळणं, आणि परेडच्या आदल्या दिवशी तो इलाज बरोबरही आहे. उस्तादाला ती सोय नाही. 'हात उलटा, हात उलटा' असं ओरडल्याने ते पोर आणखी आखडतं. मी त्याला पलीकडच्या गोलपोस्टपासचा चेंडू आणायला पाठवते. जाताना हात आपोआप बरोबर हलतात, कारण तेव्हा ते चालण्याचा विचार करत नसतं. परत येताना अर्ध्या वाटेवर मी हळूच ताल धरते, 'एक दो एक'. कधी लगेच जमतं, कधी आठवडा जातो. एका मुलाच्या बाबतीत चवथीची सुट्टी येऊन गेली तरी जमलं नव्हतं.

आवाजाबद्दल दोन शब्द, कारण मुलं यातच सगळी शक्ती घालवतात. कमांडरला मोठा आवाज हवा, पण दिवसातून वीस-तीस हुकमांपुरता. उस्तादाला तोच घसा दोन-तीन तास, रोज, वापरायचा असतो. गळ्यातून ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या दिवशी बसतो, माझाही बसला होता. पोट आत घेत, श्वास सोडत हुकूम टाकायची सवय लागायला हवी. सगळ्यात चांगला सराव दोघांनी मिळून होतो. कापणी झालेल्या मळ्याच्या दोन टोकांना समोरासमोर उभं राहायचं, एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने करायचा, मग उलट. शब्द ऐकू आला पण कळला नाही, तर दुसऱ्याने हलायचंच नाही. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज यांतला फरक अशाने दोन संध्याकाळींत समजतो.

आणि आमचा पाऊस. स्वातंत्र्यदिनाची सगळी तालीम जुलै-ऑगस्टच्या चिखलात. ओल्या मातीवर पाय आपटला तर आवाजच येत नाही, नुसतं चपक. कानावर विसंबणारा कमांडर तिथे गोंधळतो, कारण पाय एकत्र पडला की नाही ते त्याला ऐकूनच कळत असतं. उस्तादाची नजर खांद्यांवर नाहीतर गुडघ्यांवर असते, म्हणून त्याला पाऊस तेवढा नडत नाही. शाळेच्या व्हरांड्यात तालीम घेण्यापेक्षा भिजलेलं मैदान मला म्हणूनच परवडतं. इस्त्री करणाऱ्या आयांना परवडत नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर लष्करात ड्रिल उस्ताद म्हणून थेट भरती नसते. आधी शिपाई व्हावं लागतं. गोव्याच्या मुलांची लष्करभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडून होते. अग्निवीर म्हणून ४ वर्षं, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, आणि उस्तादाच्या कोर्सला युनिटच कुणाला तरी निवडून पाठवतं. नौदलात परेड शिकवणारे तोफखान्याच्या, म्हणजे गनरी शाखेचे असतात, हे नौदलाचा तळ शेजारीच असलेल्या वास्कोच्या मुलांनासुद्धा ठाऊक नसतं. पोलिसात जायचं असेल तर वाळपईचं प्रशिक्षण केंद्र. एनसीसीचं सी सर्टिफिकेट उपयोगी पडतं, पण ते उस्तादाचं प्रमाणपत्र नव्हे. तुम्हाला ड्रिल येतं एवढंच त्यावरून ठरतं.

इंग्रजी सिनेमांमुळे तिसरीच एक गफलत होते. नाकाला नाक लावून किंचाळणारा तो इसम अमेरिकेचा. तिथे मरीन कोअरमध्ये त्याला ड्रिल इन्स्ट्रक्टर म्हणतात, आर्मीत ड्रिल सार्जंट, आणि तो रंगरूटांच्या उठण्यापासून झोपण्यापर्यंत सगळंच बघतो. आपल्याकडचा ड्रिल उस्ताद मुख्यतः ड्रिलच शिकवतो. पीटीचा वेगळा, हत्यारांचा वेगळा. माझ्या हवालदारांना मी कधी किंचाळताना ऐकलं नाही. शिव्या मात्र सुरेख देत, त्याही फक्त कॅडेट नसताना.

यंदा एक मुलगी फारच मागे लागलीय. आवाज उत्तम, टर्नआऊट, म्हणजे गणवेशाचा टापटीपपणा, उत्तम, जानेवारीच्या दिल्ली कॅम्पसाठी निवड व्हावी इतकं ड्रिल चांगलं. 'टीचर, मला उस्तादच व्हायचंय.' मी तिला रांगेतून काढलं. रागावली. वही-पेन्सिल देऊन मैदानाच्या कडेला उभी केली आणि सांगितलं, अर्धा तास फक्त बघ, जे दिसेल ते लिही. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं, 'सगळ्या छान करतात, दुसरी लाईन जरा हळू.' मी काही बोलले नाही. परत उभी केली. आठवा दिवस असेल, पाऊस भुरभुरत होता, वहीची पानं चिकटली होती. त्यावर लिहिलेलं होतं: 'तिसरी लाईन, शेवटून दुसरी. थमच्या वेळी डावी टाच आधी उचलते. बुटाची लेस लांब आहे, पायाखाली येते म्हणून.'

जाऊन बघितलं. लेस खरंच लांब होती.