ज्ञान व्यवस्थापन प्रणाली : संस्थेतील अंमलबजावणी

ज्ञान व्यवस्थापन प्रणाली म्हणजे काम करता करता माणसांना जे उमगते ते टिपून, तपासून, लागेल त्या वेळी दुसऱ्याला सापडेल अशा रीतीने ठेवण्याची संस्थेतील व्यवस्था. सॉफ्टवेअर हा तिचा एक भाग, आणि सहसा सर्वांत सोपा. नोंद कोण लिहिणार, कोण तपासणार आणि जुनी झालेली कोण काढणार हे ठरले नसेल, तर काही महिन्यांतच तिचे फाइलींचे कोठार होते.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कलम ७.१.६ नुसार संस्थेला आपल्या कामासाठी लागणारे ज्ञान ठरवावे, जपावे आणि उपलब्ध करून द्यावे लागते. २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ हे ज्ञान व्यवस्थापन प्रणालींसाठीचे स्वतंत्र मानक आले. दोन्ही मानकांत कोणत्याही विशिष्ट सॉफ्टवेअरची सक्ती नाही.

दोन अनुभव

ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचे काम जवळून पाहिले. यंत्राच्या अवघड बिघाडांवर पुस्तिका पुरत नव्हत्या. उत्तरे मिळत ती तंत्रज्ञांच्या आपसातील गप्पांत, एकमेकांना सांगितलेल्या किश्शांत. पुढे १९९० च्या दशकात कंपनीच्या संशोधन केंद्राने फ्रान्समधील तंत्रज्ञांना सोबत घेऊन ‘युरेका’ ही प्रणाली घडवली. तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात मिनिटेल या फ्रान्सभर पोचलेल्या टर्मिनल-सेवेचा उपयोग झाला. तंत्रज्ञ आपली युक्ती पाठवी, त्या यंत्राचे जाणकार ती तपासत, आणि पटली तरच ती सर्वांना दिसे. प्रत्येक युक्तीमागे पैसे द्यावेत असा विचार पुढे आला, तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नाकारला. पैशांमुळे संख्या वाढेल आणि दर्जा घसरेल, ही त्यांची धास्ती होती. त्याऐवजी युक्तीसोबत लिहिणाऱ्याचे नाव छापले जाऊ लागले. सहकाऱ्यांत नाव होणे हेच तिथे पुरेसे बक्षीस ठरले.

ती धास्ती किती रास्त होती हे इन्फोसिसच्या अनुभवातून दिसते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्ञान-पोर्टलवर लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना गुण देण्याची योजना आणली. नोंदींचा ओघ झपाट्याने वाढला, तपासणाऱ्यांवर ताण आला, दर्जाविषयी शंका निघू लागल्या आणि गुणांचे नियम बदलावे लागले. राघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या चक्राचे विश्लेषण आहे.

सुरुवात

सगळ्या संस्थेत एकाच दिवशी प्रणाली लावू नये. जिथे तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात असा एक विभाग निवडावा : देखभाल, ग्राहकसेवा, निविदा विभाग. वीस ते चाळीस माणसे आणि तीन महिने एवढा पहिला टप्पा हाताळता येतो. सॉफ्टवेअर निवडण्याआधी दोन आठवडे फक्त प्रश्न मोजावेत. कोण कोणाला फोन करतो, काय विचारतो, उत्तर मिळायला किती वेळ लागतो, हे साध्या वहीत लिहिले तरी चालते. या यादीतले वारंवार येणारे पन्नास ते शंभर प्रश्न म्हणजे पहिल्या नोंदींचा साठा. या नोंदी अनुभवी लोकांना शेजारी बसवून लिहून घ्याव्यात. पहिल्या दिवशी शोधणाऱ्याला तीनदा रिकामे पान दिसले, तर तो पुन्हा फिरकत नाही आणि पूर्वीसारखाच फोन उचलतो.

जुनी सर्व कागदपत्रे एकदम चढवणे ही नेहमीची चूक आहे. शोधात एकाच एसओपीच्या, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या पद्धतीच्या, चार आवृत्त्या येतात आणि कोणती खरी हे कळत नाही.

नोंद कशी असावी

एका नोंदीत एकच प्रश्न आणि लांबी एका पडद्यावर मावेल एवढी. शीर्षकात अडचण जशी दिसते तशी लिहावी, कारण शोधणाऱ्याला कारण ठाऊक नसते, लक्षण ठाऊक असते. ‘प्रेस समस्या’ हे शीर्षक निरुपयोगी. ‘सकाळच्या पाळीत हायड्रॉलिक प्रेस पहिला अर्धा तास हळू उतरते’ हे उपयोगी. त्याखाली कारण : टाकीत ४६ ऐवजी ६८ ग्रेडचे, म्हणजे जास्त घट्ट तेल भरले गेले, आणि थंडीत ते आणखी घट्ट झाले. मग उपाय, तो कोणत्या मॉडेलला लागू आहे, लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि फेरतपासणीची तारीख. ‘काय करून उपयोग झाला नाही’ हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, आणि तोच सर्वांत मोलाचा असतो. पंप बदलूनही फरक पडला नाही एवढी एक ओळ पुढच्या माणसाचा दिवस आणि पंपाची किंमत वाचवते.

नोंद काम चालू असतानाच किंवा संपताक्षणी व्हावी. महिनाअखेरीस बसून लिहू म्हटले की तपशील निसटतात आणि अहवालाची भाषा उरते. तक्रारीचे टिकिट बंद करण्यापूर्वी ‘जुनी नोंद वापरली, सुधारली की नवी लिहिली’ एवढे विचारणे पुरते.

पडताळणी

साधारण वीस-पंचवीस लिहिणाऱ्यांमागे एक पडताळणारा असावा आणि त्याच्या आठवड्यातले तीन-चार तास या कामासाठी अधिकृतपणे मोकळे ठेवावेत. उत्तर दोन कामाच्या दिवसांत जावे, मग ते ‘नाही’ असले तरी कारणासह. पाठवलेली नोंद महिनाभर ‘प्रलंबित’ दिसली की तो माणूस दुसरी पाठवत नाही. प्रणाली थंडावते ती बहुधा इथेच, आणि दोष मात्र ‘लोक लिहीत नाहीत’ असा लावला जातो. पडताळणीचे काम साहेबाकडे देऊ नये. ते त्या कामातल्या मुरलेल्या माणसाचे आहे.

शोधाची भाषा

महाराष्ट्रातील कारखान्यांत आणि कार्यालयांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एकाच गोष्टीला कोणी ‘गळती’, कोणी ‘लीकेज’ म्हणते. कोणी ‘पट्टा’, कोणी ‘बेल्ट’. आणि मोबाइलवर बरेच जण मराठी रोमन लिपीत टंकतात. त्यामुळे समानार्थी शब्दांची यादी प्रणालीत भरावी लागते. ती भरायला उत्तम साधन म्हणजे काहीच न सापडलेल्या शोधांची साप्ताहिक यादी. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात बदलल्याशिवाय शोधात येत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफवरही अक्षर-ओळख चालवावी लागते आणि मराठी मजकुरात जोडाक्षरे व आकडे हाताने तपासावे लागतात.

न लिहिता येणारे

तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्याचे विवेचन केले ते अव्यक्त ज्ञान, म्हणजे हाताला बसलेले कसब, नोंदीत उतरत नाही. बेअरिंगचा बदललेला आवाज शब्दांत सांगता येत नाही. तो ऐकवावा लागतो. निवृत्त होणाऱ्या माणसाकडून शेवटच्या आठवड्यात मुलाखत घेण्यापेक्षा सहा महिने आधी त्याच्यासोबत शिकणारा द्यावा, आणि नोंदी त्या शिकणाऱ्याने लिहाव्यात. जाणत्याला जे सांगण्यासारखेही वाटत नाही, ते नवख्याला अडते. अशा विषयांसाठी प्रणालीत ‘हे कोणाला विचारावे’ याची अद्ययावत यादी असली तरी मोठे काम होते.

मोजमाप आणि निगा

नोंदींची एकूण संख्या हे फसवे माप आहे. किती शोध रिकामे गेले, किती नोंदी प्रत्यक्ष कामात वापरल्या गेल्या, तोच बिघाड पुन्हा आला तेव्हा दुरुस्तीला किती वेळ लागला, हे पाहावे. प्रत्येक नोंद सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणीला यावी. सुरक्षितता, कर किंवा शासकीय नियमांच्या नोंदी नियम बदलताच. वर्षभर कोणी न उघडलेली नोंद शोधातून काढून संग्रहात ठेवावी. अपवाद क्वचित घडणाऱ्या पण घातक बिघाडांचा. त्या नोंदी वर्षानुवर्षे उघडल्या जात नाहीत आणि तरीही शोधात राहायलाच हव्यात.