परदेशी वाद्य, पलुस्करी वारसा: नंदिनी शंकर यांच्या व्हायोलिनमागची पार्श्वभूमी

नंदिनी शंकर यांचं व्हायोलिन आज अनेकांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते मोबाइलवर. शेजारी महेश राघवन आयपॅडवर कर्नाटक म्हणजे दक्षिण भारतीय शैलीच्या गमका (स्वरांवरची आंदोलनं) काढत असतात, खाली ताल चालू असतो आणि दोन-तीन मिनिटांत एखादा राग आपलं रूप दाखवून जातो. कौशिकी चक्रवर्ती यांच्या 'सखी' या स्त्री कलाकारांच्या संचात सावनी तळवलकर यांच्या तबल्याबरोबरही त्या दिसल्या. ज्यांनी कधी ख्यालाच्या, म्हणजे हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाच्या, मैफलीची पायरी चढली नव्हती, असे श्रोते या वाटेने शास्त्रीय संगीताकडे वळत आहेत. त्यावर 'हे शास्त्रीय संगीत पातळ करणं आहे' अशी तक्रारही ऐकू येते. ती करणाऱ्यांनी या वाद्याचा इतिहास एकदा पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

व्हायोलिन आपल्याकडे आलं तेच अनोळखी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी (१७८६–१८५८) यांनी मद्रासमध्ये इंग्रजांच्या बँडमधलं हे वाद्य ऐकलं, युरोपीय वादकाकडून ते शिकून घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायला सुरुवात केली. तंजावरच्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलु यांनी ते त्रावणकोर दरबारात नेलं. तिथे स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. पुढे दक्षिणेत व्हायोलिनशिवाय गायनाची मैफलच अपुरी वाटू लागली.

त्यासाठी लाकडात काही बदल करावा लागला नाही, बदलली ती बैठक. पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून हनुवटीखाली वाद्य धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक अंग खांद्या-छातीशी टेकवतो आणि दुसरं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर ठेवतो. वाद्य सांभाळण्याच्या कामातून डावा हात सुटतो आणि तारेवर हवा तितका लांब सरकू शकतो. तारा षड्ज-पंचमात (सा आणि प या स्वरांत) लावल्या जातात. या वाद्याला पडदे नाहीत, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, कुठेही अडत नाही. गज फिरतो तोवर स्वर टिकतो, अगदी गळ्यातल्या दमासारखा. भारतीय कानाला हवं होतं ते सगळं या परक्या वाद्यात आधीच होतं.

उत्तरेत मात्र त्याला जागा नव्हती. गायनाच्या साथीला सारंगी होती, नंतर पेटी आली. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनचं बस्तान बसलं ते विसाव्या शतकात, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई होते, आणि तेवढ्याच अधिकाराने व्हायोलिन वाजवत. पेडण्याजवळच्या पार्सेचे श्रीधर पार्सेकर त्यांचे शिष्य. वाईत जन्मलेले विष्णू गोविंद जोग लखनौमार्गे कोलकात्याला पोचले. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीने व्हायोलिन साथीच्या जागेवरून उठून मैफलीच्या मध्यभागी आलं. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला बंदी घातली होती, त्या काळात सारंगी आणि व्हायोलिन रेडिओवर घराघरांत पोचलं. पेटीवर तो अन्याय होता हे खरं, पण व्हायोलिनला श्रोता मिळाला हेही तितकंच खरं.

गोव्याची गोष्ट निराळी आहे. तिथे चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलं स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकली, आणि पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल यांचे ते गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला, राग आणि सिंफनी यांची सांगड घालून रचना केल्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. आज ज्याला 'फ्यूजन' म्हणतात त्याचा इतका धाडसी प्रयोग त्या काळात झाला होता, याची आठवण फार थोड्यांना आहे याचं मला वाईट वाटतं.

आणि मराठी घरांना व्हायोलिनचा लळा कोणी लावला असेल, तर तो प्रभाकर जोग यांनी. सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'त त्यांचा गज होता. पुढे 'गाणारे व्हायोलिन' या कार्यक्रमांत त्यांनी भावगीतं अशी वाजवली की शब्द न उच्चारताही ओळ ओठांवर यावी. ज्यांना रागाचं नावही माहीत नव्हतं अशा हजारो माणसांनी त्यांच्यामुळे या वाद्यावर प्रेम केलं. त्यांनी व्हायोलिन पातळ केलं, असं कोणी म्हणणार नाही.

नंदिनी शंकर यांचा थेट वारसा त्यांच्या आजी एन. राजम यांचा. राजम दक्षिणेतल्या, वडील नारायण अय्यर यांच्याकडे कर्नाटक पद्धतीने शिकलेल्या, टी. एन. कृष्णन यांच्या भगिनी. त्या पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकल्या आणि १९५९ पासून सुमारे ४० वर्षं बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी शिकवलं. ठाकूर गवई होते. त्यांच्याकडून राजम यांनी उचलला तो गळा: संथ लयीतला बडा ख्याल, बंदिशीचे (रागात बांधलेल्या गीताचे) शब्द जिथे पडतात तिथेच पडणारा गज, शब्दासारखी सुरू होणारी आणि श्वासासारखी संपणारी फिरत. यालाच गायकी अंग म्हणतात. त्यांच्या कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी यांनी हेच अंग पुढे नेलं. तीन पिढ्या एका मंचावर बसून वाजवतात तेव्हा डोळे मिटून कोणाचा गज कोणता हे सांगणं कठीण जातं.

मला या वंशावळीतला आणखी एक धागा महत्त्वाचा वाटतो. ओंकारनाथ ठाकूर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. कुरुंदवाडच्या या गायकाने राजदरबाराकडे पाठ फिरवली, तिकीट लावून सार्वजनिक मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणालाही फी भरून गाणं शिकता येईल, हीच तेव्हा क्रांती होती. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांच्या गाण्याला व्हायोलिनची साथ करणारे डी. के. दातार यांनीही मुंबईत हीच गायकी वाजवली. त्यांच्याकडे शिकलेले मिलिंद रायकर पुढे किशोरी आमोणकर यांच्या साथीला बसले. म्हणजे नंदिनी आज जे करत आहेत ते घराण्याबाहेरचं नाही. बंद दरवाज्यातलं गाणं चौकात आणणं हे पलुस्करी परंपरेचं मूळ काम आहे, माध्यम तेवढं बदललं आहे.

खरा प्रश्न वेळेचा आहे. विलंबित ख्याल फुलायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि व्हिडिओ काही मिनिटांत संपतो. नंदिनी पूर्ण रागही वाजवतात, आणि तिथे त्यांची तालीम खरी कळते. संयोजकांनी या पिढीला फक्त लोकप्रिय तुकड्यांसाठी न बोलावता मध्यरात्रीपर्यंत न खेचलेल्या, पण पुरेशा लांब स्वतंत्र मैफली द्याव्यात. तीन मिनिटांच्या व्हिडिओवरून आलेला श्रोता समोर बसलाच आहे, तर त्याला मालकंस रागाचा पूर्ण आलाप ऐकू द्या.